श्वास आला, घसा अजून यायचा आहे

शस्त्रक्रियागृहातून बाहेर आणलेला रुग्ण डोळे उघडतो, संथ श्वास घेतो, क्षीण स्वरात घोटभर पाणी मागतो आणि परिचारिका ‘आत्ता नाही’ म्हणते. नातेवाइकांना हा कोरडेपणा वाटतो. या नकारामागे इतरही कारणे असतात. परंतु एक कारण वाचकांनी अवश्य जाणून घ्यावे.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत निद्रा आणणाऱ्या औषधाबरोबर स्नायू शिथिल करणारे औषधही शिरेतून देतात. मज्जातंतूकडून स्नायूकडे निघालेला निरोप ते वाटेतच अडवते. हृदयाचे ठोके त्या निरोपावर चालत नसल्याने सुरूच राहतात; श्वास मात्र थांबतो आणि तो यंत्राच्या साहाय्याने द्यावा लागतो.

सगळे स्नायू मात्र या औषधाला सारखे वश होत नाहीत. छाती व पोट यांमधील श्वासपटल मोठे चिवट आहे. अंगठा निश्चल करणाऱ्या मात्रेच्या सुमारे दीड ते दोन पट मात्रा त्याला लागते आणि औषध ओसरू लागताच ते आधी सावरते. अंगठ्याचा स्नायू मागून येतो. घशाचे, गिळण्याचे स्नायू तर थोड्याशा उरलेल्या औषधानेही दुबळे राहतात. म्हणजे श्वास सुरळीत चाललेला असतानाही दिलेले पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकते, आणि त्यातून न्यूमोनिया संभवतो.

म्हणून भूलतज्ज्ञ छातीपेक्षा अंगठ्यावर अधिक विश्वास ठेवतात. मनगटापाशी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य विद्युत झटके देतात. चौथ्या वेळची अंगठ्याची हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के भरली, तरच घशातील नळी काढणे सुरक्षित मानतात. भुवईच्या स्नायूवरूनही अशी मोजणी करता येते, पण तो श्वासपटलासारखाच लवकर सावरतो, त्यामुळे फसगत होते. आम्ही शिकत होतो तेव्हा रुग्णाने पाच सेकंद मान उचलून धरली की समाधान मानत; आता तेवढ्यावर विसंबत नाहीत.

आपल्या घरात कोणाला मायस्थेनियासारखा स्नायूंचा विकार असेल, किंवा पूर्वी भूल दिल्यावर एखाद्या आप्ताचा श्वास परतायला फार वेळ लागला असेल, तर ते शस्त्रक्रियेपूर्वीच भूलतज्ज्ञांना सांगावे. काही औषधांचे विघटन करणारे विकर काही कुटुंबांत जन्मतः कमी असते. आणि ओठ कोरडे पडलेच, तर परिचारिकेला विचारून ओला कापूस ओठांवरून फिरवावा.