जर्नल तू लिही, वायर मी जोडतो

गेल्या महिन्यात एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत जाण्याचा योग आला. बक्षीस समारंभ नव्हता की महिला दिनाचं भाषण नव्हतं. तिथल्या संगणकाच्या बाईंनी फोन केला होता, "ताई, एकदा आमचा नववीचा तास बघायलाच या." मला वाटलं, मुलं पडद्यावर चित्रं काढत असतील, नाहीतर मराठी टायपिंग. वर्गात शिरले तर बाकांवर निळ्या केबलची भेंडोळी, कात्र्या आणि अडकित्त्यासारखं दिसणारं एक हत्यार. त्याला म्हणायचं क्रिम्पिंग टूल.

मैत्रिणींनो, नेटवर्क म्हटलं की आपल्याला आठवते मोबाइलची रेंज. बाईंनी सुरुवात त्या केबलपासून केली. वरचं निळं आवरण सोललं की आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळ शोभेचा नाही. शेजारच्या विजेच्या वायरीचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो, आणि संगणक वाचतो तो दोन तारांमधला फरक. त्यामुळे दोन्हीकडचा गोंगाट आपोआप वजा होऊन जातो. म्हणून टोकाशी हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवायचा नाही. मग तारा रंगाच्या क्रमाने लावायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका रेषेत कापायच्या, प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये सारायच्या आणि अडकित्ता दाबायचा. कच्च!

"मुलींच्या बोटांत कसबच असतं, रांगोळी काढतात ना," असं माझ्या शेजारी बसलेले एक सर कौतुकाने म्हणाले. मला हे कौतुक नको वाटतं. माझ्यासमोरच्या मुलीची पहिली केबल चक्क चुकली होती. टेस्टर लावला तर एक ते आठ दिवे ओळीने लागायला हवेत. तिचे तिसरा आणि सहावा उलटसुलट लागत होते. हिरव्या जोडीतल्या तारांची अदलाबदल झाली होती. बाई म्हणाल्या, "तोड आणि पुन्हा कर." नुकसान किती, तर पाच-दहा रुपयांचा एक कनेक्टर. दुसऱ्या खेपेला दिवे ओळीने लागले. तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

बाईंनी मग सांगितलेली गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. आधी त्या पाच-पाच जणांचे गट करायच्या. प्रत्येक गटात टूल मुलाच्या हातात आणि जर्नल मुलीकडे. कोणी सांगितलेलं नसायचं, आपोआपच व्हायचं. "तुझं अक्षर छान आहे ना, तू लिही, वायर मी जोडतो." परीक्षेत मुलींना मार्क चांगले मिळायचे, पण केबल एकीलाही करता यायची नाही. म्हणून आता गट बंद. ज्याची त्याने, जिची तिने केबल करायची. टूल दोनच आहेत, त्यामुळे एका केबलला दोन तास लागतात. लागू देत, असं बाईंचं म्हणणं.

मी गप्पच झाले. कॉलेजात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मीही हेच केलं होतं. सर्किटची आकृती टोकदार पेन्सिलीने काढली, लाल शाईची सही मिळवली, पण स्क्रूला हात लावला नाही. आजही घरी राउटरचा दिवा लाल झाला की मी मुलाला हाक मारते. तुम्ही?

तासाची खरी गंमत पुढेच होती. सगळ्या केबली स्विचला जोडल्या, प्रत्येक संगणकाला १९२.१६८.१.१०, ११, १२ असे पत्ते दिले आणि मुलांनी एकमेकांच्या संगणकाला 'पिंग' केलं, म्हणजे "आहेस का?" असं विचारलं. उत्तरं आली. तेवढ्यात एकाने एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खुपसली. सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि उत्तरं बंद! बाई रागावल्या नाहीत. लग्नघरात "सगळ्यांना सांगा" म्हणून निघालेला निरोप गोल फिरून पुन्हा पहिल्याच माणसाकडे येतो, तो परत सगळ्यांना सांगत सुटतो, आणि खऱ्या कामाचं कोणाला ऐकूच येत नाही. तसंच झालं होतं. या घोळावर मोठ्या नेटवर्कमध्ये जो उपाय सर्रास वापरला गेला, तो रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५च्या सुमारास शोधला. त्याआधी सत्तरच्या दशकात एमआयटीमध्ये त्या अगदी लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता येईल अशा साधनांवर काम करत होत्या. वर्गातल्या मुलींनी ते नाव वहीत लिहून घेतलं. इथे मात्र जर्नलबद्दल माझी तक्रार नाही.

आता आपल्या गावाकडे या. कितीतरी शाळांत संगणक कक्ष आहे आणि त्याला कुलूप आहे. संगणकांवर कापड, कापडावर धूळ. "नेट चालत नाही, जिल्ह्याहून माणूस यायचाय." त्या 'माणसा'ची वाट बघण्यात वर्ष जातं. उंदराने केबल कुरतडलेली असेल तर हेच काम नववीची मुलगी अर्ध्या तासात करेल. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम चार घरांत संगणक होता. म्हणजे आपल्या लेकींना हात लावायला मिळणार तो शाळेतच. भारतनेटची फायबर केबल ग्रामपंचायतींपर्यंत येते आहे, बँका, दवाखाने, दुकानांतले कॅमेरे सगळं केबलवर आलं आहे. हे जोडणारे हात कोणाचे असणार? आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड आहे, पण मुलीचा अर्ज भरताना तो आपल्यापैकी किती जणींना सुचतो?

"करंट बसला तर?" असं एका आईने बाईंना विचारलं होतं म्हणे. संगणक जोडणाऱ्या या साध्या केबलमध्ये घरच्या विजेसारखा झटका देण्याइतका दाब नसतो. आपली मिक्सरची वायर त्यापेक्षा कितीतरी धोक्याची, आणि ती आपण ओल्या हाताने ओढतो!

तेव्हा पुढच्या पालकसभेला गेलात की मार्क किती पडले हे विचाराच, पण आणखी दोन प्रश्न विचारा. संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते? आणि प्रॅक्टिकलला माझ्या मुलीच्या हातात काय असतं, पेन की पक्कड? टूल नसेल तर काहीशे रुपयांत येतं. गणपतीच्या वर्गणीतून किंवा बचत गटातून एखादं शाळेला द्यायला हरकत नाही.

निघताना ती दोनदा केबल करणारी मुलगी बाईंना विचारत होती, "बाई, ही घरी नेऊ?" बाई नाही म्हणाल्या. चार नंबरचा संगणक आता तिच्याच केबलवर चालतो. केबलला चिकटपट्टी लावून तिने नाव लिहिलंय. अक्षर खरंच छान आहे.