जत्रेला न येणारा वकील

निवृत्तीला दोन-तीन वर्षं झाली, गुडघे बोलू लागले, की आष्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक बेत शिजू लागतो. पोराकडं जाऊन राहायचं. पोरगं इथंच इंजिनिअरिंग करून पुण्यामार्गे डॅलसला पोचलेलं असतं. मग या सदराकडं विचारणा येते, "अमेरिकेच्या रिटायरमेंट व्हिसासाठी खात्रीचा वकील सांगा."

आधी हे सांगून टाकतो. अमेरिकेत रिटायरमेंट व्हिसा नावाचा प्रकारच नाही. थायलंडात आहे, पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवणाऱ्यांना. दुबईतही आहे, ५५ च्या पुढं. अमेरिकेत आईवडिलांना मुख्यतः दोन वाटा. एक व्हिजिटर व्हिसा, त्यावर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येतं. दुसरी, मुलानं कायमच्या वास्तव्यासाठी केलेला अर्ज. त्यासाठी मुलगा अमेरिकेचा नागरिक हवा, वय किमान २१. तो स्वतःच ग्रीन कार्डावर असेल तर आईबापांसाठी अर्ज करता येत नाही. तेव्हा 'अमेरिकेचा रिटायरमेंट व्हिसा करून देतो' म्हणत जो ॲडव्हान्स मागतो, त्याची परीक्षा पहिल्याच वाक्यात झाली.

आपल्याकडं खात्रीचा म्हणजे पाहुण्यांच्या ओळखीतला. ही रीत टाकाऊ नाही. खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव अशाच शब्दावर देशभर पसरले, सोन्या-चांदीचा व्यवहार करत राहिले. तो शब्द टिकला, कारण फसवणारा आणि फसलेला दोघंही जत्रेला गावी यायचे आणि चारचौघांत विषय निघायचा. आपल्या भावईच्या जत्रेला न्यू जर्सीचा वकील येणार नाही. काचेच्या ऑफिसातला कन्सल्टंटही येणार नाही.

शिवाय पाहुण्याचं काम झालं, एवढ्यावरून वकील चांगला ठरत नाही. नागरिक मुलाच्या आईवडिलांचा अर्ज हा त्यातल्या त्यात सरळ प्रकार, त्याला वार्षिक कोटा नाही. वकिलाचा कस लागतो तो कागद अडल्यावर.

आणि आपले कागद अडतातच. साठ-सत्तर वर्षांपूर्वी घरी जन्मलेल्यांची जन्मनोंद बहुधा सापडत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेला. वडील १ जून, आई १ जून, चुलतेही १ जून. आईचं नाव शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, सातबाऱ्यावर सासरचं, पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगनं. यावर सरळ उपाय आहे. जन्मनोंद आढळत नसल्याचा दाखला नगरपरिषदेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यायचा, जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि तुमच्या जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं असे कागद विचारात घेतं. जाणता वकील पहिल्याच बैठकीत हे विचारतो. "दाखल्याचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा," म्हणणाऱ्याच्या दारातून उठावं. खोटा कागद सापडला तर कायमची बंदी येऊ शकते, आणि ती त्याच्यावर नाही, तुमच्यावर.

वीस गुंठे घ्यायचे तरी आपण सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च काढतो. वकिलाचाही सर्च निघतो, आणि फुकट. त्याला सनद देणाऱ्या राज्याच्या बारच्या साइटवर नाव टाकलं की सनद कधीची, चालू आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली का, ते दिसतं. इमिग्रेशन हा तिथं केंद्राचा कायदा, म्हणून सनद कुठल्याही राज्याची चालते. मुलगा टेक्ससात, वकील ओहायोत, बिघडत नाही. आपल्या बार कौन्सिलची सनद मात्र तिथं कामाची नाही. कॅनडासाठी कन्सल्टंट धरलात तर तिथल्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत त्याचं नाव शोधा. ऑस्ट्रेलियासाठी नोंदणी क्रमांक असलेलाच मायग्रेशन एजंट बघा.

इथं सरकार तुमच्या मदतीला फारसं येत नाही. १९८३ चा उत्प्रवास कायदा परवाना मागतो तो परदेशी नोकऱ्या लावणाऱ्यांकडं. आईबापांची व्हिसाची फाईल करणारा त्यात बसत नाही. पंजाबनं २०१२ मध्ये अशा एजंट-कन्सल्टंटांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रानंही करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

चांगला वकील कधीकधी 'ग्रीन कार्ड घेऊच नका' असंही सांगतो. ऊस गावात, भावबंदकीचा दावा कोर्टात, आणि तुम्ही वर्षातले आठ महिने इकडंच राहणार असाल तर ग्रीन कार्ड फार दिवस टिकत नाही. सहा महिन्यांवर बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. सलग वर्षाच्या वर, आधी परवानगी न काढता राहिलात, तर ते गेल्यातच जमा. मेडिकेअरमध्ये पैसे भरून शिरायचं तरी आधी सलग पाच वर्षं तिथं राहावं लागतं. अशा माणसाला व्हिजिटर व्हिसा आणि चांगला विमा पुरतो. स्वतःची फी बुडवून हे सांगणारा भेटला तर त्याला सोडू नका.

फी बहुतेक वेळा मुलगा भरतो, म्हणून वकील मुलाशीच बोलतो. पण मुलाखतीला खिडकीपुढं उभे राहणार तुम्ही. तेव्हा मुलाला मध्ये बसवून व्हिडिओ कॉलवर तुम्ही स्वतः त्याच्याशी बोला. फीचा करार लेखी घ्या. सरकारी फी शक्यतो मुलानंच थेट सरकारच्या साइटवर भरावी. फॉर्म तयार करणारा म्हणून वकिलाची सही आहे का बघा, आणि कोऱ्या फॉर्मवर तुमची सही देऊ नका, मागणारा सख्खा मेहुणा असला तरी.