विसावा हिस्सा विद्येचाही

गंगापूर रोडवरच्या क्लासची फी परवडत नाही म्हणून आपल्या मुलामुलींचे संगणक शिक्षण अडू नये. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली. ते फुकट मिळते, दुसऱ्याला देताही येते. २०१० मध्ये आलेले लिब्रेऑफिसही तसेच, आणि ते मराठीतही चालते. ऑफिसातून निघालेल्या जुन्या संगणकावरही शिकता येते. उणीव आहे ती शिकवणाऱ्यांची.

बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला. आठवड्याच्या ४८ तास नोकरीचा विसावा हिस्सा जेमतेम अडीच तास. नोकरदारांनो, रविवारी वंदनेनंतर तेवढा वेळ विहारात द्या. जो शिकेल, त्याने पुढच्याला शिकवावे. जयभीम!