सर्व्हर घेण्याआधी कोअर मोजा

अंधेरी-घाटकोपरच्या आपल्या व्यापारी बांधवांना संगणकवाले मोठा सर्व्हर गळी उतरवतात. खरा खर्च मात्र आतल्या डेटाबेसच्या परवान्याचा. प्रोसेसरमधला कोअर म्हणजे एक माग समजा. मायक्रोसॉफ्टने 2012 च्या एसक्यूएल सर्व्हरपासून परवाना कोअरवर लावला. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान 4. कापड किती विणले ते कोणी विचारत नाही, मागांवर भाडे! 16 ऐवजी 8 वेगवान कोअर घेतले की परवाना निम्मा. रिकाम्या कोअरचे पैसे भरणे हा सरळ इसराफ आहे. ऑरॅकल एंटरप्रायझमध्ये तर वाणही पाहतात: इंटेल झिऑनचा कोअर अर्धा धरतात, आयबीएम पॉवर-9 चा पूर्ण. पाच-सहा जणांच्या पेढीने स्टँडर्ड आवृत्तीचा ‘सर्व्हर अधिक माणशी’ परवाना मागावा. त्यात कोअर मोजत नाहीत. विक्रेता हे आपणहून क्वचितच सांगतो. हिशेबाचे सॉफ्टवेअर चालत असेल तर पोस्टग्रेस मोफत आहे, फक्त सांभाळणारा जाणकार हवा.