पडद्याचा रॉड आणि पंधरा लिटर पाणी

पडद्याचा रॉड बसवून झाला की आपल्याकडे त्याची टेस्टिंग ठरलेली असते. सुतार शिडीवरूनच रॉडला एक हिसका देतो, "काही होत नाही साहेब" म्हणतो आणि आपण पाकीट काढतो. माझं म्हणणं असं की ही टेस्ट नव्हेच, हा डेमो झाला. नुसत्या डेमोवर साइन-ऑफ दिला की पुढे काय होतं, हे आयटीवाल्यांना मी काय सांगणार!

आधी लोड बघू. सहा फुटी खिडकी, चुण्या धरून दुप्पट कापड, उंची सात फूट. म्हणजे पावणेआठ चौरस मीटर. ३०० जीएसएमचं जाड कापड घेतलं तरी अडीच किलोच्या आतच. लाकडी रॉडचा किलोभर धरा. एका ब्रॅकेटच्या वाट्याला दोन किलोसुद्धा येत नाहीत. मग रॉड पडतात कसे?

कारण पडद्याला पोरं लोंबकळतात. समजा लाकडी ब्रॅकेट भिंतीपासून १० सेंटीमीटर पुढे आलाय आणि वरचा स्क्रू त्याच्या खालच्या कडेपासून ५ सेंटीमीटरवर आहे. टोकाला १५ किलोचं पोर लटकलं की खालची कड टेकू होते आणि वरच्या स्क्रूला बाहेर खेचणारा जोर होतो ३० किलोचा. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स, दुसरं काही नाही. वर झोका घेतला तर आणखी जास्त.

म्हणून टेस्ट वापराची नाही, गैरवापराची करायची. पडदा लावायच्या आधी ब्रॅकेटची कड भिंतीवर पेन्सिलीने आखून घ्या. टोकाला दोरीने बादली बांधा, जमिनीपासून वीतभर वर. मग एकेक लिटर पाणी ओता. १५ लिटर म्हणजे १५ किलो. दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच राहू द्या, आणि घरातल्या पोरांना लांब ठेवा.

२४ तास ही माझी लहर नाही. काँक्रीटच्या आयएस ४५६ : २००० मध्येही शंकास्पद बांधकामावर वापरातल्या भाराच्या सव्वापट भार २४ तास ठेवतात, मग तो काढून वाक किती परत येतो ते बघतात. लाकूड तर भाराखाली हळूहळू वाकतच राहतं. एका हिसक्यात ते कळणार कसं?

पेन्सिलीची रेघ आणि कड यांच्यात फट दिसली, तर बहुधा गिट्टी विटेपर्यंत पोचलेलीच नाही, नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलीय. खोल भोक, लांब गिट्टी. ब्रॅकेटच चिरला असेल, तर आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळलाय.

"एका पडद्यासाठी एवढा उपद्व्याप?" असं म्हणाल. पण आपल्या घरांत खिडकीखालीच दिवाण असतो आणि दुपारी त्यावर बाळ झोपतं. सुतारावर माझा राग नाही. आपण त्याला फक्त पडदा सांगितला होता, लोंबकळणारं पोर सांगितलंच नव्हतं. ते सांगा, आणि पैसे बादली उतरवल्यावर द्या.

पाणी कुंड्यांना घाला. फुकट जात नाही :)