शॉर्टकट कुणी ठरवायचे?

१/ मजकूर चिकटवण्यासाठी कंट्रोल आणि व्ही याच कळा का दाबायच्या? 'पेस्ट' या शब्दात तर व्ही नाही. तरीही जगभरातील बोटे नकळत तिकडेच वळतात. या सवयीला इतिहास आहे, आणि तो मराठीत लिहिणाऱ्यांच्या कामाचा आहे.

२/ १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' हा संपादक घडवला. कापणे-चिकटवणे तेथे आकाराला आले. पुढे ॲपलच्या 'लिसा' संगणकात (१९८३) झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चौकडी स्थिरावली.

३/ ती सर्वमान्य मात्र नव्हती. १९८७ मधील आयबीएमच्या नियमावलीत चिकटवण्यासाठी शिफ्ट आणि इन्सर्ट या कळा होत्या. विंडोजने आधी त्याच स्वीकारल्या. ॲपलची चौकडी नंतर आली.

४/ १९७८ च्या 'वर्डस्टार'चा हिशेब आणखी निराळा. त्या काळच्या अनेक कळफलकांवर बाणांच्या कळाच नव्हत्या. म्हणून कंट्रोलसह ई, एस, डी, एक्स यांनी कर्सर वर, डावीकडे, उजवीकडे, खाली सरके. येथे अक्षराच्या अर्थापेक्षा बोटाची जागा महत्त्वाची ठरली.

५/ तात्पर्य, प्रत्येक शॉर्टकट हा कुणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, स्वतःच्या गरजेपोटी घेतलेला निर्णय आहे. त्या निर्णयांच्या वेळी देवनागरी कुणाच्याही डोळ्यांसमोर नव्हती.

६/ त्याची किंमत लहान नाही. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, 'दर्या' म्हणजे समुद्र. 'ऱ' चटकन सापडला नाही की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. 'ॲ' या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २००८ मध्ये.

७/ उपाय हाताशी आहे. वर्डमध्ये 'इन्सर्ट', 'सिम्बॉल', 'मोअर सिम्बॉल्स' या वाटेने जाऊन अक्षर निवडावे आणि 'शॉर्टकट की' या बटणावरून त्याला मोकळी कळजोडी द्यावी. लिबरऑफिसमध्ये 'टूल्स', 'कस्टमाइझ', 'कीबोर्ड' येथे तळटीप किंवा परिच्छेदशैली यांना हवी ती कळ नेमता येते.

८/ यावर एक रास्त आक्षेप आहे : प्रत्येकाच्या कळा वेगळ्या झाल्या, तर एकाचा संगणक दुसऱ्याला कसा वापरता येणार? हे पूर्वी घडलेही आहे. एमआयटीत 'टीको' संपादक वापरणाऱ्यांनी आपापल्या आज्ञा रचल्या आणि एकाची मांडणी दुसऱ्याला उमगेना. गाय स्टील यांनी त्या एकत्र आणण्याचे काम हाती घेतले, रिचर्ड स्टॉलमन यांनी ते तडीस नेले. १९७६ चा 'ईमॅक्स' त्यातून जन्मला.

९/ ईमॅक्सने सर्वांना समान पाया दिला, पण कळा बदलण्याची मुभा काढून घेतली नाही. हाच मध्यममार्ग आजही योग्य आहे. सर्वांच्या अंगवळणी पडलेल्या सी आणि व्ही यांना हात लावू नये. 'ऱ', 'ॲ', तळटीप अशा रोजच्या चार-पाच गरजांपुरत्याच स्वतःच्या कळा ठरवाव्यात.

१०/ आणि त्यांची यादी लिहून ठेवावी. वर्ड हे बदल सहसा त्या संगणकावरील 'नॉर्मल' या साच्यात जपतो. दुसऱ्या यंत्रावर ते आपोआप येत नाहीत. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्याने कळफलकाच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी एवढी दहा मिनिटे अवश्य खर्चावीत.