सही नसलेला वाडगा

आमच्या नोएडातल्या सोसायटीत राहणारं एक जपानी कुटुंब गेल्या वर्षी मायदेशी परतलं. निघताना त्यांनी बरंच सामान शेजाऱ्यांना वाटलं. माझ्या वाट्याला एक जाडजूड, तपकिरी, जुना वाडगा आला. हातात येताच मी तो उलटा करून कुणाची सही दिसते का ते पाहिलं. बूड कोरं होतं. मनात म्हटलं, म्हणजे साधाच दिसतोय!

जपानी लोककलेची भांडी जमवायची, तर ही सवय आधी सोडावी लागते, हे मला नंतर कळलं. 1925 साली यानागी सोएत्सू या विचारवंताने हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या कुंभार मित्रांसोबत ‘मिंगेई’ हा शब्द घडवला. मिंगेई म्हणजे लोकांची कारागिरी. अनाम हातांनी रोजच्या वापरासाठी केलेल्या स्वस्त वस्तू खऱ्या सुंदर, असं त्यांचं म्हणणं. 1936 मध्ये तोक्योत अशा वस्तूंचं संग्रहालयही उभं राहिलं. हामादा पुढे जगप्रसिद्ध झाले, तरी भांड्यांवर सही करत नसत. क्यूशू बेटावरच्या ओन्ता गावातले कुंभारही भांड्यावर स्वतःचं नाव घालत नाहीत.

मग पाहायचं काय? बुडाची कड. तिथे बहुधा झिलई नसते, त्यामुळे मूळ माती दिसते. हातातलं वजन. झिलईचा ओघळ. आणि वापराने झालेली झीज. ती खोट नाही, भांड्याचं आयुष्य आहे.

या विचाराचं एक टोक आपल्या शेजारी, दिल्लीत आहे. सरदार गुरुचरण सिंग 1919 मध्ये जपानला कुंभारकाम शिकायला गेले. तिथे यानागी, हामादा आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. 1952 मध्ये त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू’ ही कार्यशाळा काढली. आणि नोएडाहून गाडीने दोनेक तासांवरच्या खुर्ज्यात तर आजही घरोघरच्या बरण्या आणि कपबश्या घडतात. त्यांवर तरी घडवणाऱ्याचं नाव कुठे असतं? जपानी भांडं परवडलं नाही, तरी नजर इथे तयार करता येते.

मी वाडगा शोकेसमध्ये ठेवायला निघाले, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “दही लावायला बरा आहे गं.”

“आई, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. आंबट काही नको त्यात.”

“बरं, मग लसूण ठेवते. काचेआड ठेवून काय करणार?”

मला उत्तर सुचलं नाही. यानागींचं एक पानही न वाचता त्यांनी मिंगेई ओळखली होती. वाडगा आता ओट्यावर आहे, लसणाने भरलेला. तुमच्या माळ्यावरही आजीची एखादी बरणी असेल. भंगारात द्यायच्या आधी एकदा उलटी करून पाहा. सही नसली, तर नीट पुसून खाली आणा.